खालची यादी

पाळकांनी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं ते खालच्या यादीत. तिच्या मनात आधी आलं ते एवढंच, की आडनाव नीट घेतलं. बहुतेक जण त्यातलं जोडाक्षर खाऊन टाकतात. यादी कुठली, ते मागून कळलं. दर रविवारच्या उपासनेच्या कागदावर मागच्या बाजूला दोन याद्या असतात. वरची आजाऱ्यांची, त्यांना बरं वाटावं म्हणून. खालची वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची. ती वाचून झाली की सगळी मंडळी एक मिनिट उभी राहते. गेले चौदा महिने नवऱ्याचं नाव वरच्या यादीत चौथं होतं, मंडळीतल्याच एका नर्सबाईंच्या नावाखाली. आज वर नर्सबाईंचं नाव मात्र तसंच होतं, त्यांना लवकर आराम पडावा म्हणून. आणि नर्सबाईंना तर गुरुवारी पुरलं होतं. ती स्वतः मूठभर माती टाकून आली होती, चपलेला अजून तो चिखल होता. पाळक नवे, त्या आठवड्यात बाहेरगावी होते. समोर जे लिहिलं होतं ते त्यांनी सरळ मनानं वाचलं. आता लिहिलं होतं कोणी, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. बावीस वर्षं हा कागद तीच टाइप करते.

मंडळी उभी राहिली. तीही राहिली. माना वळायला लागल्या, आधी पुढच्या बाकावरच्या, मग पलीकडच्या. कधी गेले, कळवलं कसं नाही, आणि ही बघा कशी उभी आहे धीराची, असं सगळं त्या माना बोलत होत्या. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, गरम, जड हात. तोंड उघडून सांगायला किती वेळ लागतो? अहो, ते घरी आहेत, सकाळी दूध पिऊन झोपलेत. एवढंच तर. पण तिनं सांगितलं नाही. कारण त्या मिनिटात तिच्या पाठीतून काहीतरी उतरलं. चौदा महिने कमरेच्या वर, डाव्या बाजूला, एक मूठ आवळलेली असायची, ती सुटली. आता घरी जायचं आणि आडवं व्हायचं. कूस बदलायची नाही, भांडं धरायचं नाही, हनुवटी पुसायची नाही, पहाटे श्वास चालू आहे ना म्हणून कान लावायचा नाही. सुटले, असं ती मनात म्हणाली. तिला ते स्वच्छ ऐकू आलं, आणि भीती वाटली नाही, हे त्याहून वाईट. खिडकीतून येणारं ऊन समोरच्या बाकाच्या पाठीवर पडलं होतं, त्यात कुणीतरी पूर्वी चाकूनं कोरलेली दोन अक्षरं होती, ती ती वाचत राहिली. मिनिट पूर्ण झालं. लोक बसले, ती उभीच होती. "आमचे हे जिवंत आहेत," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. "चूक माझी आहे. टाइप करताना झाली."

मग काय, हायसं वाटल्याचा एक मोठा श्वास सगळ्या सभागृहातून गेला, कुणी हसलं, पाळक कानापर्यंत लाल झाले. उपासनेनंतर अंगणात सगळ्यांनी तिला घेरलं. अहो, होतं असं. आता बघा, शंभरी गाठतात की नाही. नर्सबाईंचा मुलगा मात्र हसला नाही, म्हणाला, "आईला बरं वाटावं म्हणून प्रार्थना झाली. ऐकून बरंच वाटलं. कुणीतरी अजून सोडलं नाही तिला असं वाटलं." तो भाबडेपणानं बोलला, पण तिच्या वर्मी लागलं. एका बाईनं डबा पुढे केला, दुसरीनं देवाची इच्छा वगैरे काढलं. देवाच्या इच्छेवर तर ती आता कुणाचंच काही ऐकून घेत नव्हती. ज्यांना रोज रात्री पाय पसरून झोप लागते त्यांना ती इच्छा बरी कळते. तिनं डबा घेतला आणि चालायला लागली.

चूक झाली, ठीक. पण चूक तिच्याकडून होत नाही, हीच तर गोम. सव्वीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते, आणि ती काही गोष्टीबिष्टींची पुस्तकं नव्हेत. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो कुणीही वाचत नाही, तो ती वाचते. पाचाच्या जागी पन्नास पडले तर माणूस जातो. म्हणून ती शेवटच्या ओळीपासून वर वाचत येते, ओळीखाली पट्टी धरून, म्हणजे अर्थ लागत नाही आणि डोळा फसत नाही. मग शेजारच्या टेबलावरची बाई मूळ प्रत मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट, आणि ती छापलेल्या कागदाशी ताडून बघते. त्या बाईला सगळे पूर्णविराम म्हणतात, कारण घरी फोनवर बोलतानाही ती वाक्य संपलं की ते सांगून मोकळी होते. सव्वीस वर्षांत तिच्या सहीचा एक कागद परत आला नव्हता. चर्चचा कागद ती शुक्रवारी जेवणाच्या सुटीत करायची; मागच्या आठवड्याचाच उघडायचा, तारीख बदलायची, कुणी गेलं असेल तर वरचं नाव कापून खाली चिकटवायचं. या शुक्रवारी नर्सबाईंचं कापायचं होतं. हात एक ओळ खाली गेला. बरं, हात गेला तर गेला. डोळा? तिनं सवयीनं पट्टी धरून तो कागद खालून वर वाचला होता. खालच्या यादीतलं शेवटचं नाव म्हणजे सगळ्यात आधी वाचलेलं नाव. तिनं ते वाचलं, पट्टी वर सरकवली आणि खाली सही केली. रस्ता ओलांडताना तिला हे आठवलं आणि ती दुभाजकावर तशीच उभी राहिली. दोनदा दिवा बदलला. एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "जायचंय की नाही, बाई?"

घरी नवरा जागा होता. उजवी बाजू गादीवर टाकलेली, डाव्या हातानं पांघरुणाची किनार चुरगाळत. "आले हो," ती म्हणाली. "नाही," तो म्हणाला. हा त्याचा एकुलता एक शब्द. बाकीचे सगळे त्या दिवशी गेले, सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासताना त्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा. पट्टा बांधलेला होता म्हणून खाली पडला नाही. लोंबकळत राहिला, आणि त्याच्या जोडीदारानं, जाड्यानं, त्याला एकट्यानं वर ओढलं. शुद्धीवर आला तेव्हा हा एवढा एकच शब्द तोंडात होता. चहा देऊ? नाही, आणि कपाला हात. दुखतंय? नाही, आणि डोळ्यांत पाणी. झोपायचंय? नाही, की घोरायला सुरुवात. जाड्या म्हणायचा, "आयुष्यभर बायकोला हो म्हटलं वहिनी, आता राहिलेले नाही वसूल करतोय." पहिले सहा महिने ती हसायची. त्याला बोलायला शिकवणारी मुलगी यायची, चित्रं दाखवायची. हळूहळू तो भिंतीकडे तोंड करायला लागला, आणि तिचं येणं बंद झालं. वर्ष झालं तेव्हा डॉक्टर खुर्ची मागे सारत म्हणाले, आता जे आहे ते एवढंच. लेकीनं मग एक शुश्रूषागृह शोधलं, दुसऱ्या शहरात, तिच्या घराजवळ. त्याचा फॉर्म आला होता, चार पानी; ती शनिवारी तो घेऊन येणार होती. लेक वाईट नव्हती. तिनं आईची कंबर पाहिली होती, आईला न्हाणीघरात भिंतीला धरून रडताना पाहिलं होतं. "आई, दोघं मरायचीत का तुम्ही?" असं ती फोनवर म्हणाली होती.

आणि हा माणूस एके काळी चर्चमध्ये वाचायचा! पाळक बदलत, वाचक हाच. हाताला ग्रीसचा वास, कितीही साबण लावा, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा डुलकी घेणारा दचकून ताठ व्हायचा. पवित्र शास्त्रातली ती विधवा, जी न्यायाधीशाचं दार ठोठावून ठोठावून त्याच्या नाकी नऊ आणते, ती वाचताना तो पुस्तकावर खरोखरच टकटक करायचा, आणि मुलं खिदळायची. घरी आल्यावर म्हणायचा, "बघ, प्रार्थना म्हणजे हे. हात जोडून गोड बोलणं नव्हे. कटकट. त्यालाच आवडते ती, नाहीतर सांगितली कशाला असती ही गोष्ट?" दोन्ही याद्या तोच वाचायचा. वरची हळू, एकेका आजाऱ्याशी बोलल्यासारखी. खालची मात्र खड्या आवाजात, शाळेत हजेरी घेतात तशी, आणि प्रत्येक नावानंतर थांबायचा. तिला लाज वाटायची. एकदा तिनं विचारलंच, "मेलेली माणसं ओ देणार आहेत का तुम्हाला?" तो बूट काढत होता. "देणार," तो म्हणाला. "नाहीतर दर रविवारी आपण तिथं काय करायला जातो?" तेव्हा तिला ते ऐटीचं बोलणं वाटलं होतं. चांगल्या पायांनी चालणाऱ्या माणसाची ऐट.

तिनं डब्यातलं काढून त्याला भरवलं. तोंड पुसलं. मग खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली, कारण उजवीकडचं त्याला नीट दिसत नाही.

"आज तुमचं नाव खालच्या यादीत वाचलं," ती म्हणाली.

"नाही."

"वाचलं हो. सगळ्यांनी उभं राहून मिनिट पाळलं. मीच टाइप केलं होतं."

"नाही."

"आणि मी गप्प राहिले. मिनिटभर. मला..." तिला वाटलं होतं हे म्हणता येणार नाही, पण आलं. "मला बरं वाटलं. ऐकताय ना? मिनिटभर तुम्ही मेलात आणि मला बरं वाटलं."

तो बघत राहिला. चौदा महिन्यांत त्यानं असं बघितलं नव्हतं. नेहमी त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून सरकून जायचे. आता ते टेकले. तिला वाटलं, आता भिंतीकडे तोंड करेल, आणि तेच बरोबर होईल. त्यानं डावा हात उचलला, तो हवेत थोडा भरकटला, आणि मग तिच्या कमरेवर आला, मागे, बरोबर तिथं जिथं ती मूठ असायची. तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं कुठं दुखतं ते. "नाही," तो म्हणाला, अगदी हळू, वरची यादी वाचायचा तसा. मग ती जी रडली ते शेजारच्यांना ऐकू गेलं असेल, जाऊ दे गेलं तर.

रडून झाल्यावर तिला राग आला. चांगला, ऊन ऊन राग, डोक्यापासून पायापर्यंत. भांडी घासायला उभी राहिली तर भांडी आपटायला लागली. गुडघे टेकून प्रार्थना करणं तिनं कंबर गेल्यापासून सोडलं होतं. जे काय बोलायचं ते इथंच, नळ सोडून. ऐक, ती म्हणाली. मी चुकले ते कबूल. लेखी देते, खाली सही करते. पण चौदा महिने मी मागतेय आणि तू हूं की चूं केलं नाहीस, ते तूही कबूल कर. मी एक मिनिट सोडलं. तू स्वतःच्या मुलाला किती वेळ सोडलं होतंस? तो क्रुसावर टांगलेला ओरडत होता, का सोडलंस म्हणून, दुपारची वेळ, सगळ्यांना ऐकू गेलं, तुलाच तेवढं गेलं नाही होय? तिच्या हातातला पेला निसटून सांडपाण्यात पडला. तिला वाटलं होतं असं बोलल्यावर काहीतरी होईल, निदान लाज वाटेल. झालं असं, की बऱ्याच दिवसांनी समोर कुणीतरी असल्यासारखं वाटलं. रिकाम्या खोलीत माणूस एवढं भांडत नाही. तिनं पेला परत घासला. आणि अजून एक सांगते, ती म्हणाली, माणूस कुठल्या यादीत जायचा ते माझ्या हातानं ठरणार नाही, डॉक्टरच्या नाही, लेकीच्याही नाही. पुढच्या रविवारी मी ह्यांना घेऊन येते. तुझ्या घरी, तुझ्या डोळ्यांसमोर. बघून घे आणि मग सांग.

म्हणायला काय जातं! घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, जिने अरुंद. सगळ्या शहराला वर-खाली करणारा माणूस, आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यातून आल्यापासून तो उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. तिनं सोमवारी जाड्याला फोन केला. जाड्या म्हणाला, "वहिनी, माझं कामच आहे हे. तुम्ही फक्त त्याला दाढी करून ठेवा." शुक्रवारी तिनं कागद काढला तेव्हा सुटीत पूर्णविरामला शेजारी बसवलं. तिनं हातानं लिहिलेली दुरुस्त यादी मोठ्यानं वाचायची, हिनं नवा ताडायचा, औषधाच्या कागदासारखा. नवऱ्याचं नाव वर, तिसरं, पूर्णविराम. नर्सबाईंचं खाली, शेवटचं, पूर्णविराम. "अगं, एवढ्याशा कागदाला दोघी कशाला?" पूर्णविराम म्हणाली. "असू दे," ती म्हणाली. "परत एकदा वाच."

लेक शनिवारी आली. फॉर्म भरूनच आणला होता, आईच्या सहीपुरती जागा सोडून. वडिलांच्या उशाशी बसून त्यांची नखं कापली, मग स्वयंपाकघरात आली. "तिथं नर्स आहेत, बाग आहे, मी रोज जाईन. सही कर ना, आई."

"उद्या चर्चहून आल्यावर बघू."

"बाबांना चर्चमध्ये? ह्या अवस्थेत? लोकांना तमाशा दाखवायला?"

"तमाशा मागच्या रविवारी झाला," ती म्हणाली. "उद्या दुरुस्ती आहे." आणि फॉर्मची घडी घालून तिनं पर्समध्ये टाकली. सही केली नाही, फाडलाही नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री तिला माहीत नव्हतं ती काय करणार आहे.

रविवारी सकाळी जाड्या आणि त्याचा एक सहकारी आले, कामाचे पट्टे, दोर, सगळं घेऊन. नवऱ्याला खुर्चीला बांधलं, छातीवरून एक, मांड्यांवरून एक, आणि जाड्या जिन्यात खालच्या अंगाला उलटा उभा राहिला. "नाही!" नवरा ओरडला. "हो रे बाबा, धरलाय," जाड्या म्हणाला. एकेक पायरी. नाही. धरलाय. नाही. धरलाय. पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांची दारं उघडली. लेक मागून वडिलांची मान सांभाळत होती आणि ओठ चावत होती. जाड्याच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पडत गेला. खाली रस्त्यावर आले तेव्हा वारा होता, आणि नवऱ्यानं तोंड उघडून तो आत घेतला, जसं काही खायचंच आहे.

चर्चची फरशी वेदीकडे किंचित उतरती आहे. चालत्या माणसाला ते कधी कळत नाही, चाकाच्या खुर्चीला लगेच कळतं. तिनं खुर्ची बाकाच्या कडेला लावली, तिचा एक ब्रेक ढिला होता म्हणून पाय आडवा ठेवून बसली. लोक येऊन हात धरून गेले, फार गोड बोलले, लहान मुलाशी बोलतात तसं, आणि तो प्रत्येकाला नाही म्हणाला. गाणी झाली. उपदेश झाला, कशावर ते तिला आठवत नाही. मग पाळकांनी कागद उलटा केला. वरच्या यादीत त्याचं नाव आलं, चौथं नाही, आता तिसरं, आणि पाळक ते वाचताना तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही. तिला कमरेत मूठ जाणवत होती, आहे तशीच, आवळलेली. म्हणजे काहीच सुटणार नव्हतं, हे असंच चालणार होतं, उद्या, परवा, पुढल्या वर्षी. पर्समध्ये फॉर्म होता. शेजारी लेक होती.

पाळक खालच्या यादीवर आले. पहिलं नाव घेतलं, एका म्हाताऱ्या शिक्षकाचं.

"नाही!"

खड्या आवाजात. सभागृहाच्या छताला लागून परत आला तो आवाज. तोच होता, मधले चौदा महिने नसल्यासारखा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. लेकीनं वडिलांच्या हातावर हात ठेवला, "बाबा, श्श." पाळक थांबले, चष्मा सावरला, दुसरं नाव घेतलं. "नाही!" कुणीतरी मान वळवली आणि परत पुढे केली. तिसरं नाव एका बाळाचं होतं, सात दिवसांचं, त्याची आई दोन बाकं पुढे बसली होती. "नाही!" तो ओरडला, आणि ओरडताना सगळ्या अंगानिशी पुढे झुकला, तशी खुर्ची हलली आणि बायकोच्या आडव्या पायाला ढकलून उताराला लागली. लेक धडपडून उठली. तिच्या आधी आईनं एका हातानं खुर्ची धरली, दुसऱ्यानं पर्स उघडली, हाताला लागला तो फॉर्म काढला. बघितलं काय आहे ते. नीट बघितलं, डोळा फसला नव्हता. मग त्याची घट्ट चौघडी केली, वाकली, कमरेतून कळ गेली ती जाऊ दिली, आणि फॉर्म चाकाखाली ठोसून बसवला. खुर्ची थांबली. लेकीनं ते पाहिलं. "आई," ती म्हणाली. मग तिनं आपला पाय उचलून खुर्चीच्या दुसऱ्या चाकाला लावला.

दोन बाकं पुढची ती आई मागे वळली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं खुर्चीकडे बघून मान हलवली, दोनदा, जोरात, जसं कुणीतरी पहिल्यांदाच खरं बोललं. पाळक पुढे वाचत गेले. आता ते प्रत्येक नावानंतर थांबत होते. नाव, आणि नाही. नाव, आणि नाही. कुणी हसत नव्हतं. मात्र त्याचा दम संपत चालला होता, मान एका बाजूला कलली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. शेवटून दुसऱ्या नावाला नुसता श्वास आला.

शेवटचं नाव नर्सबाईंचं. पाळकांनी ते घेतलं आणि कागदावरून नजर उचलली. खुर्चीकडे बघत थांबले. नवऱ्यानं तोंड उघडलं, मिटलं. डावा हात पांघरुणावर नुसताच हलला, कुणाला तरी शोधत असल्यासारखा. नर्सबाईंचा मुलगा मागे वळून बघत होता, वाट बघत होता, सगळीच मंडळी वाट बघत होती, आणि हे मिनिट मागच्या रविवारच्या त्या मिनिटाएवढंच लांब होतं.

ती उभी राहिली. त्याचा हात हातात घेतला.

"नाही," ती म्हणाली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

पाळकांनी मान डोलावली आणि कागद घडी घालून पुस्तकात ठेवला.